ईसीटी घेताना आठवणी कशा जपाव्यात

तीव्र डिप्रेशनसाठी ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे भूल देऊन मेंदूला थोडा वेळ करंट देऊन फिट आणण्याचा उपचार) घ्यायचं ठरलं की पेशंट आणि घरचे दोन प्रश्न हमखास विचारतात. शॉक दुखतो का? आणि आठवणी जातात का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पूर्ण भूल दिलेली असते, त्यामुळे करंट दिलेला कळतही नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देणं पेशंटवर अन्याय करणारं आहे. आठवणींवर परिणाम होतो. बहुतेकांचा तो तात्पुरता असतो, काहींच्या काही आठवणी कायमच्या जातात, आणि किती जातील हे बऱ्याच अंशी उपचार कसा दिला जातो यावर ठरतं. त्यामुळे विचारून घेण्यासारखं, मोजण्यासारखं आणि लिहून ठेवण्यासारखं बरंच काही पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात असतं, आणि ते पहिल्या ईसीटीच्या आधी करायचं असतं.

नक्की काय विसरायला होतं

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की उगाच घाबरायला होतं, नाहीतर खऱ्या तक्रारीकडे दुर्लक्ष होतं.

पहिली म्हणजे शुद्धीवर येतानाचा गोंधळ. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे काही मिनिटं सुधरत नाही. कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला तासभर. हा गोंधळ त्याच दिवशी ओसरतो.

दुसरी म्हणजे नवीन गोष्ट लक्षात न राहणं. सकाळी भेटून गेलेला माणूस दुपारी आठवत नाही, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. कोर्स चालू असताना हे वाढत जातं आणि शेवटच्या ईसीटीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत भरून येतं. २०१० मध्ये ८४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास तीन हजार पेशंट होते. ईसीटीनंतर पहिल्या तीन दिवसांत चाचण्यांचे गुण घसरलेले दिसले. पंधरा दिवसांनंतर मात्र ते उपचाराआधीच्या पातळीवर आले होते, आणि बऱ्याच चाचण्यांत त्याहून चांगले होते. यात नवल नाही, कारण तीव्र डिप्रेशनमध्ये लक्ष आणि स्मरण आधीच मंदावलेलं असतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक: आधी घडलेल्या गोष्टींच्या आठवणी पुसल्या जाणं. यात मुख्यतः कोर्स चालू असतानाचे आठवडे आणि त्याआधीचे काही महिने सापडतात, कधी त्यामागचा काळही. ताजी आठवण मेंदूत पक्की व्हायला वेळ लागतो, म्हणून तीच आधी डळमळते. बालपण, जवळच्या माणसांचे चेहरे, शिकलेली भाषा, हातातलं कसब या गोष्टी सहसा शाबूत राहतात. गेलेल्यातलं काही पुढच्या महिन्यांत परत येतं, काही येत नाही.

चाचण्या चांगल्या आल्या तरी पेशंट तक्रार का करतो, हेही इथेच कळतं. बहुतेक चाचण्या शब्दांची यादी किंवा आकृत्या लक्षात राहतात का, एवढंच पाहतात. बहिणीच्या लग्नात आपण काय नेसलो होतो हे आठवत नाही, याला त्या चाचणीत जागाच नसते. पेशंटना थेट विचारणाऱ्या अभ्यासांचा २००३ मधला आढावा सांगतो की टिकून राहिलेल्या विसराची तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत २९ ते ५५ टक्के होतं. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला वाटतंय तसं काही नाही' हे वाक्य कुणी बोलूच नये.

कोर्स सुरू होण्याआधी डॉक्टरांशी काय बोलायचं

संमतीपत्रावर सही करण्याआधी अर्धा तास मागून घ्या. खालचे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत आणि उद्धटपणाचेही नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ ते एकमेकांनाही विचारतात.

इलेक्ट्रोड कुठे लावणार? दोन्ही कानशिलांवर लावले तर त्याला बायटेम्पोरल म्हणतात. एक उजव्या कानशिलावर आणि दुसरा टाळूच्या किंचित उजवीकडे लावला तर तो उजवा युनिलॅटरल. बहुतेक माणसांची भाषा आणि शब्दांची स्मृती डाव्या मेंदूवर अवलंबून असते, डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची. म्हणून उजव्या बाजूने दिलेल्या ईसीटीत आठवणींचं नुकसान कमी होतं. कपाळावर दोन्ही बाजूंना लावायची बायफ्रंटल पद्धतही आहे. पण युनिलॅटरलची एक अट पाळावीच लागते: करंटचा डोस फिट येण्याच्या किमान पातळीच्या पाच ते सहा पट हवा. बायटेम्पोरलला दीड ते अडीच पट पुरतो. आठवणी जपायच्या म्हणून युनिलॅटरल निवडली आणि डोस तुटपुंजा ठेवला, की फिट येते पण डिप्रेशन हलत नाही. मग आठ-दहा ईसीटी वाया जातात आणि शेवटी बायटेम्पोरलवर यावं लागतं. उलट, ज्याने खाणं-पिणं सोडलंय, जो कॅटाटोनियात (न बोलता, न हलता) ताठ पडून आहे किंवा ज्याच्या जिवाला आत्महत्येचा तातडीचा धोका आहे, त्याला लवकर गुण येणं महत्त्वाचं. तिथे सुरुवातीपासून बायटेम्पोरल देणं योग्य ठरू शकतं.

पल्सची रुंदी किती? जुनी मशीन साइन वेव्हचा, म्हणजे सलग लहरीसारखा करंट देत, म्हणजे मेंदूला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त विजेचा मारा. आताची मशीन छोटे छोटे पल्स देतात: ब्रीफ पल्स ०.५ ते १.५ मिलिसेकंदांचा, अल्ट्राब्रीफ साधारण ०.३ मिलिसेकंदाचा. अल्ट्राब्रीफमध्ये विसर कमी, पण गुण यायला ईसीटी थोड्या जास्त लागू शकतात. न्यूयॉर्क परिसरातल्या सात हॉस्पिटलांमधल्या ३४७ पेशंटचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही साइन वेव्ह घेतलेल्यांची प्रतिक्रिया देण्याची गती मंद होती, आणि दोन्ही बाजूंनी ईसीटी घेतलेल्यांच्या स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी जास्त गेलेल्या होत्या. मशीन साइन वेव्हचं आहे असं कळलं, तर दुसरं केंद्र शोधा. इतर बाबतींत तडजोड चालते, यात करू नये.

डोस कसा ठरवणार? पहिल्या वेळी अगदी कमी करंटपासून चढत जाऊन त्या व्यक्तीला फिट कितीवर येते ते पाहणं, याला टायट्रेशन म्हणतात. ही पातळी माणसागणिक कितीतरी पटींनी बदलते. वय वाढलं की चढते, पुरुषांत सहसा जास्त असते. सगळ्यांना एकच ठरावीक डोस दिला तर कुणाला कमी पडतो आणि कुणाच्या आठवणींना विनाकारण फटका बसतो.

आठवड्यातून किती वेळा? तीनदा दिली तर सुधारणा लवकर दिसते, पण विसरही जास्त. दोनदा दिली तरी शेवटचा गुण जवळपास तेवढाच येतो. जिवाची घाई नसेल तर दोनदा मागायला हरकत नाही.

किती ईसीटी? साधारण सहा ते बारा, पण आधीच 'बाराचा कोर्स' असं पक्कं करू नये. दर आठवड्याला डिप्रेशनची मोजणी प्रश्नावलीने व्हावी. पूर्ण बरं वाटू लागलं, किंवा लागोपाठ दोन-तीन ईसीटींत पुढे सुधारणाच झाली नाही, की थांबायचं का हे ठरवायची वेळ आली. संमती दिली म्हणजे शेवटपर्यंत बांधले गेलो असं नसतं, मध्ये कधीही ती मागे घेता येते.

औषधांची यादी घेऊन जा, झोपेच्या गोळीसकट. लोराझेपाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आणि फिट रोखणारी औषधं फिट येण्याची पातळी वर नेतात, मग करंट वाढवावा लागतो. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर ईसीटीनंतर गोंधळ वाढू शकतो, म्हणून डॉक्टर आदल्या रात्रीचा डोस टाळायला सांगतात किंवा लिथियम कमी करतात. ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी (कंप आणि ताठरपणावरची) औषधं तर स्वतःच विसर वाढवतात. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका, एकदम सोडण्याचे वेगळे धोके आहेत.

वही

दोन गोष्टींची वही करायची: आतापर्यंतच्या आयुष्याची आणि आजच्या दिवसाची.

पहिला भाग ईसीटीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत लिहा. गेलं वर्ष महिन्यामहिन्याने मागे जात आठवा: कुठे गेलो, घरात काय झालं, कोण आजारी पडलं, काय विकत घेतलं, कामावर काय बदललं. तीव्र डिप्रेशनमध्ये पेशंटला चार ओळीही लिहवत नाहीत. अशा वेळी घरच्यांनी विचारत जावं आणि त्याच्या तोंडचे शब्द तसेच उतरवून घ्यावेत, किंवा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करावा. नंतर स्वतःचं अक्षर किंवा स्वतःचा आवाज समोर आला की 'हे मीच सांगितलंय' एवढा विश्वास बसतो. दुसऱ्याने लिहिलेल्या हकिगतीवर तो तितका बसत नाही.

मग कामाच्या गोष्टी: कागदपत्रं, किल्ल्या कुठे आहेत, कोणाचे पैसे द्यायचे, कोणाकडून यायचे, कोणतं बिल कुठल्या तारखेला भरायचं, अर्धवट राहिलेली कामं. पासवर्ड आणि पिन वहीत लिहू नका. ते बंद पाकिटात घालून भरवशाच्या माणसाकडे द्या, रोज वापरातला पिनसुद्धा विसरला जाऊ शकतो. गेल्या वर्षभरातले फोटो निवडून प्रत्येकाखाली ठिकाण, तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते लिहा. नुसत्या चेहऱ्यांच्या फोटोपेक्षा 'या दिवशी पाऊस आला म्हणून आपण गॅलरीत बसून जेवलो' अशी एक ओळ जास्त उपयोगी पडते.

दुसरा भाग रोजचा. पाच-सहा ओळी पुरतात, पण दिवस चुकवायचा नाही. वहीतलं एक पान असं असू शकतं:

'मंगळवार. चौथी ईसीटी झाली. ९.१० ला डोळे उघडले, ९.२५ ला वार बरोबर सांगितला. डोकं दुखलं, पॅरासिटामॉल घेतली. दुपारी मावशी भेटून गेली, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. रात्री आपणहून रेडिओ लावला. ठरलेलं: शुक्रवारी धाकट्याला शाळेतून काका आणणार.'

हे पान पेशंटसाठी आहेच. डॉक्टरांसाठीही ते तितकंच मोलाचं आहे.

याच सुमारास एक मोजमाप करून घ्या. पहिल्या ईसीटीआधी मोकासारखी (स्मरण, लक्ष तपासणारी) छोटी चाचणी, मग कोर्सच्या मध्यावर, संपल्यावर दोन आठवड्यांनी, आणि सहा महिन्यांनी. शिवाय घरच्यांनी गेल्या दोन वर्षांतले पंधरा-वीस प्रश्न काढावेत, पेशंटला जेवढी आठवतात तेवढी उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून कागद बाजूला ठेवावा. कोर्सनंतर महिन्याने तेच प्रश्न विचारले की काय गेलं आणि काय राहिलं हे स्पष्ट दिसतं. मध्ये मध्ये हे प्रश्न विचारत बसू नका. त्याने माणूस धास्तावतो, आणि उत्तरं पाठ होऊन मोजमापही बिघडतं.

ईसीटीचा दिवस

पोट रिकामं हवं. घन अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद; हॉस्पिटलने याहून कडक वेळ दिली असेल तर ती पाळा. भुलेत पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून दुधाचा चहा घेतला गेला तर लपवू नका. ईसीटी पुढे ढकलली जाईल, त्याने काही बिघडत नाही. ब्लडप्रेशरची गोळी सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. इन्शुलिन आणि डायबेटिसच्या गोळ्यांचं आधी विचारून घ्या. केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे असावेत. तेल किंवा जेल असेल तर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही, करंट अडतो आणि कातडी भाजू शकते. नेलपॉलिश काढा, बोटावरच्या ऑक्सिमीटरला अडथळा होतो. कवळी, चष्मा, लेन्स, दागिने काढून ठेवा. एखादा दात हलत असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. आत जाण्याआधी लघवी करून घ्या.

आत काय होतं ते कळलं की भीती बरीच कमी होते. हाताला सुई लागते. प्रोपोफॉल, थायोपेंटोन किंवा इटोमिडेटसारखं भुलीचं औषध जातं. पेशंट झोपला की सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध देतात. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी पहिली ईसीटी दिली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. फिटमध्ये अंग जोरात झटके देई, हाडंही मोडत; लोकांच्या मनातलं चित्र अजून तेच आहे. आता एका घोट्यावर ब्लडप्रेशरचा पट्टा आधीच घट्ट फुगवतात, म्हणजे स्नायूंचं औषध त्या पावलात उतरत नाही. बाकी शरीर शांत पडलेलं असतं आणि तेवढं एक पाऊल, त्याचा अंगठा, तालात हलत राहतो. फिट चालू आहे हे त्यावरून आणि ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या आलेखाच्या) रेषेवरून कळतं. जबड्याचे स्नायू मात्र करंटने थेट आवळले जातात, तिथे औषधाचा इलाज चालत नाही, म्हणून दातांमध्ये जाड रबरी ब्लॉक ठेवतात. करंट काही सेकंदांचा, फिट बहुधा २० ते ६० सेकंदांची, आणि सगळं आवरायला दहा-पंधरा मिनिटं.

काय बिघडू शकतं? फिट येतच नाही, किंवा काही सेकंदांत थांबते. झोपेच्या गोळीचा असर, भुलीच्या औषधाचा जास्त डोस किंवा इलेक्ट्रोडचा ढिला संपर्क ही नेहमीची कारणं. अशा वेळी थोडं थांबून वाढीव डोसने पुन्हा करतात. उलट फिट दोन-तीन मिनिटांपुढे लांबली तर ती औषधाने थांबवावी लागते, कारण लांबलेल्या फिटनंतर गोंधळ जास्त होतो. डोकेदुखी, जबडा आणि अंग दुखणं, मळमळ हे नेहमीचं आहे. भूल पूर्ण चढण्याआधी हातपाय हलवता न येण्याची जाणीव झाली असेल तर ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. औषधांची वेळ आणि मात्रा बदलून पुढच्या वेळी ते टाळता येतं. मृत्यूचं प्रमाण एक लाख ईसीटींमागे साधारण दोन, म्हणजे छोट्या ऑपरेशनच्या भुलीइतकंच.

शुद्धीवर आल्यावरचा अर्धा तास

या अर्ध्या तासात एक महत्त्वाचा आकडा मिळतो. डोळे उघडल्यापासून दर पाच मिनिटांनी पाच गोष्टी विचारायच्या: नाव, जन्मतारीख, वय, ठिकाण, वार. पाचपैकी चार बरोबर यायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. हा वेळ जितका जास्त, तितका पुढे जुन्या आठवणींना धोका जास्त, असं संशोधनात दिसलं आहे. सिस्टरना सांगून ठेवलंत तर त्या नोंद करतात. तिसऱ्या ईसीटीला बारा मिनिटं, चौथीला वीस, पाचवीला पन्नास असा चढ दिसला तर सहावीच्या आधी डॉक्टरांना गाठा. लगेच कोर्स बंद करायची गरज नसते. बायटेम्पोरलवरून उजव्या युनिलॅटरलवर येता येतं, तीनऐवजी दोनदा किंवा एकदाच देता येते, पल्स अरुंद करता येतो, डोस आणि लिथियमची पातळी तपासता येते.

जवळ बसलेल्याने प्रश्नांचा भडिमार करू नये. 'मला ओळखलंस का?' हा प्रश्न तर नकोच, उत्तर सापडलं नाही की माणूस कासावीस होतो. त्याऐवजी शांतपणे सांगा: 'तू हॉस्पिटलमध्ये आहेस. ईसीटी झाली. आज मंगळवार. मी इथेच आहे.' पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं तर तेच, त्याच शब्दांत. काही जण उठताना अस्वस्थ होतात, सुई ओढतात. तेव्हा दिवा मंद, आवाज कमी, एकच माणूस जवळ. पुढच्या वेळी फिटनंतर थोडं शामक देता येतं, ते विचारा.

पहिले २४ तास एकटं सोडू नका. कोर्स संपून निदान दोन आठवडे होईपर्यंत गाडी चालवणं, कर्ज, घराचे व्यवहार, नोकरीचा राजीनामा, सगळं लांबणीवर. मन पूर्ण सावरण्याआधी अंगात ताकद येते, म्हणून सुधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांवर आधीइतकंच बारीक लक्ष ठेवा.

कोर्स संपल्यानंतर

कामावर परतायला दोन ते चार आठवडे द्या, आणि आल्याबरोबर मोठी जबाबदारी नको. विसरलेल्या प्रसंगांबद्दल बोलताना 'आठव ना, असं कसं विसरलास' म्हणू नका. वही उघडा, फोटो दाखवा, काय झालं ते सांगा आणि त्याला ते नवीन गोष्टीसारखं ऐकू द्या. ऐकून कळलेलं आणि खरंच आठवलेलं यात फरक असतो, तो पेशंटला जाणवतो आणि सलतो. एखादा प्रवास, एखाद्याचा शेवटचा आजार, मुलाचं पहिलं पाऊल हातातून गेलं असेल तर ते दुःख खरं आहे. 'जीव वाचला ना' म्हणून ते झाकू नका.

सहा महिन्यांनीही नवीन गोष्टी लक्षात राहत नसतील तर खोल तपासणी करून घ्या. उरलेलं डिप्रेशन, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, बिघडलेली झोप, चालू औषधं, वयस्करांत सुरू होणारा स्मृतिभ्रंश, यातलं काहीही कारण असू शकतं.

आणि बरं वाटलं म्हणून पुढचं औषध सोडू नका. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ईसीटीने बरे झालेल्यांना सहा महिने वेगवेगळं औषध दिलं गेलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांचं डिप्रेशन परतलं, नॉरट्रिप्टिलीन हे डिप्रेशनचं औषध घेणाऱ्यांत ६० टक्के, नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम दोन्ही घेणाऱ्यांत ३९ टक्के. डिप्रेशन उलटलं तर नवा कोर्स लागतो आणि आठवणींना पुन्हा तोच धोका. औषधांनी भागत नसेल तर मेंटेनन्स ईसीटी असते: आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. मधल्या अंतरामुळे विसर पहिल्या कोर्सपेक्षा बराच कमी राहतो. त्यासाठी पुन्हा हॉस्पिटलला जाल तेव्हा वही बरोबर न्या, आणि पाच प्रश्नांची मिनिटं मागच्या रकान्याखाली लिहीत जा.